आधीचं हसू

१

भिंगरीला वाटलं होतं, ‘हसू नका’ जिथे तयार होतं ती जागा निदान नावापुरती तरी भेसूर असेल. अंधारा बोळ, करकरणारा दरवाजा, गेला बाजार एखादं कोळिष्टक. प्रत्यक्षात निघाला ट्यूबलाइटच्या पांढऱ्याफटक उजेडातला एक हॉल. भिंतीला टेकवलेल्या घडीच्या खुर्च्या, कपांचे गोल डाग पडलेलं टेबल आणि त्या टेबलावर मनगटापासून तुटलेला एक रबरी हात. त्याच्या बोटांत कुणीतरी कपाटाच्या किल्ल्या अडकवून ठेवल्या होत्या. दरवाजा करकरत नव्हता. करकर वेगळी ध्वनिमुद्रित करून ठेवलेली होती.

तिला वाटलं होतं, इथली माणसं दिवसभर भीतीबद्दल बोलत असतील. ती गुडघेदुखीबद्दल बोलत होती.

‘हसू नका’ दर शुक्रवारी संध्याकाळी टीव्हीवर लागायचं. दर वेळी एक नवं घर, त्यात चारचौघांसारखी माणसं, आणि त्यांतल्या एकाला असं काही हास्यास्पद मरण यायचं, की बघणाऱ्याला हसू फुटावं आणि फुटल्याची लाज वाटावी. पुढच्या शुक्रवारी दुसरं घर, दुसरी माणसं. भिंगरी लहानपणी आईबाबांच्या मधे बसून ते बघायची. ऐन वेळी आई तिच्या डोळ्यांवर हात ठेवायची आणि बोटांत मुद्दाम फट ठेवायची. त्या फटीतूनच ती पुढे सातासमुद्रापार गेली म्हणा ना. तिथल्या विद्यापीठात तिने याच विषयावर प्रबंध लिहिला. माणसांना भीती आणि विनोद एकाच ताटात का लागतात? तिचं उत्तर असं, की मरण दुसऱ्याच्या घरी आलेलं असतं म्हणून माणूस हसतो. पण खरी चांगली गोष्ट हसता हसता त्याच्या कानात सांगते, बाबा रे, हे घर तुझंच आहे. हे वाक्य तिने वाचून दाखवलं तेव्हा तिथल्या प्राध्यापकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

आई गेली तेव्हा ती तिथेच होती. परीक्षा चालू होती, पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. त्यानंतर बाबा एकटे राहत होते. म्हणून नोकरीचं पत्र येताच तिने दुसरा विचार केला नाही. बाबाही मिळणार आणि ‘हसू नका’ही.

“तर तू प्रबंधवाली,” मास्तर म्हणाले. मास्तर म्हणजे कार्यक्रमाचे मुख्य लेखक. पूर्वी शाळेत शिकवायचे आणि अजूनही समोरच्याला आधी उभं करून मग बसवायचे. “बस खाली. किती पानांचा झाला?”

“तीनशेच्या वर.”

“आमचा माणूस अर्ध्या तासात मरतो. जाहिराती धरून.”

भिंगरी हसली, पण जे बोलायला आली होती ते बोललीच. “सर, मला वाटतं आपण ते मागून ऐकू येणारं लोकांचं हसू काढून टाकावं. प्रेक्षकाने कधी हसायचं ते आपण का सांगायचं? त्याला एकटं सोडू या ना. सगळं बदलेल. लोक विचार करायला लागतील.”

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “शाबास. लिहून आण,” ते म्हणाले. वर्गात सारखं बोट वर करणाऱ्या पोराला पाणी प्यायला पाठवावं, तसा आवाज होता तो.

२

कार्यक्रमाची एक पद्धत होती आणि मास्तरांना तिचा अभिमान होता. इथे हसू विकत आणत नसत. भाग तयार झाला की बुधवारी दुपारी आसपासच्या माणसांना बोलवायचं, खुर्च्या मांडायच्या, चहा-बिस्किटं द्यायची आणि भाग दाखवायचा. छताला माइक टांगलेले असत. लोक जसे हसतील तसं टिपून घ्यायचं आणि दुसऱ्या दिवशी भागाखाली लावायचं. याला तिथे ‘हसू बसवणं’ म्हणत. एकदा येऊन गेलेल्या माणसाला पुन्हा बोलवायचं नाही, हाही नियम होता. तो सराईत होतो, मास्तर म्हणायचे, मग हसत नाही, हसून दाखवतो.

हसू बसवणाऱ्या माणसाला सगळे कानसेन म्हणत. गोल, घामट, बोलका गृहस्थ. त्याच्या खोलीच्या भिंतींना गाद्या लावलेल्या होत्या. बाहेरचा आवाज आत येत नसे, आतला बाहेर जात नसे.

“बायकोचा फोन मी इथेच घेतो,” त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं. “भांडण घरातल्या घरात राहतं.”

भिंगरी त्याच्याशेजारी बसून काम शिकू लागली. काही आठवडे गेले. एका भागात एक बाई होती, तिला नवऱ्याचं घोरणं सहन होत नसे. शेवटी ती कानात मेणाचे बोळे घालते, आणि मग जे ऐकू यायला हवं तेच तिला येत नाही. ते दृश्य पाहताना भिंगरीने हेडफोन कानावर दाबून धरला.

बाई अजून नुसती खण उघडत होती. बोळे दिसलेसुद्धा नव्हते. आणि कुणीतरी हसलं.

आधी श्वास आत ओढल्याचा आवाज. मग तोंडावर हात धरून दाबलेलं, तरी बोटांतून सांडणारं हसू. आणि शेवटी, घडायचं ते घडून सगळा हॉल खदखदत असताना, त्या खदखदीखाली एक लांब सुस्कारा. पोटभर जेवण झाल्यावर माणूस सोडतो ना, तसा.

“ही कोण?”

“कोण?” कानसेनने मान वळवली नाही.

“ही आधी हसते. काही व्हायच्या आधी.”

“असते एकेक घाईची.”

“मागच्या आठवड्यातही होती.”

“नसेल.”

“होती. तोच सुस्कारा. आपण माणसं परत बोलवत नाही ना? मग तुम्ही जुनं हसू चिकटवता का?”

आता मात्र त्याने खुर्ची फिरवली. “हे बघ ताई. मी जेवताना बोलतो, घोरतो, बायकोला घाबरतो. पण उष्टं हसू वापरत नाही.”

तिने जुने भाग मागितले. त्याने नाखुशीने लावले. मागचा, त्याच्या मागचा, ती परदेशी होती तेव्हाचा, ती शाळेत होती तेव्हाचा. प्रत्येकात ते होतं. इतक्या वर्षांत त्या आवाजाचं वय वाढलं नव्हतं.

“काढून टाका ना मग हे.”

“ते काढायचं नाही.”

“का पण?”

“माझ्या आधी इथे बसायचा त्याने मला सांगितलं, हे काढायचं नाही. मी त्याला विचारलं नाही का म्हणून. तू मला विचारू नकोस. चांगलं चाललंय सगळ्यांचं.” मग ओशाळल्यासारखा हसला आणि म्हणाला, “चहा घेणार?”

३

पुढच्या बुधवारी ती हॉलमध्ये सगळ्यांच्या पुढे, पडद्याकडे पाठ करून, एका खांबाला टेकून उभी राहिली. भाग तिला पाठ होता. तिला चेहरे बघायचे होते.

कोपऱ्यावरचा औषधवाला आला होता. एकच चष्मा आळीपाळीने लावणाऱ्या दोन बहिणी होत्या. एक टपालवाला, तो बसायच्या आधीच बिस्किटं संपवून मोकळा झाला. एक बाळंतीण, मांडीवर झोपलेलं मूल. कुणी अनोळखी वाटावं, कुणाकडे बघून अंगावर काटा यावा, असं एकही माणूस नव्हतं.

गोष्ट होती मरणाला भ्यालेल्या माणसाची. कुठे काही लागू नये म्हणून तो घरातला प्रत्येक कोपरा, टेबलाची प्रत्येक कड मऊ फोमने मढवत सुटतो. शेवटी आतून दार लावतो आणि दाराची मूठही मढवतो. इतकी जाड, की ती पुन्हा हाताला फिरेना. हवेची फटही त्यानेच बुजवलेली असते.

तो माणूस मुठीकडे नुसता बघतो, ते दृश्य आलं. भिंगरीने श्वास रोखला. एकूण एक चेहरा शांत. औषधवाल्याचा चमचा कपात किणकिणला, तेवढाच आवाज. मग पडद्यावरच्या माणसाने मुठीला फोम गुंडाळला, ती फिरवून बघितली, आणि सगळे एकदम हसले. टपालवाल्याला ठसका लागला.

आधी कुणीही हसलं नव्हतं. ती शपथेवर सांगू शकली असती.

ती धावतच कानसेनच्या खोलीत गेली. “लावा. मुठीपासून लावा.”

माणूस मुठीकडे बघतो. चमचा किणकिणतो. आणि त्या किणकिणीवरून, स्वच्छ, ओढलेला श्वास. हसू.

आणखी एक गोष्ट आता तिच्या लक्षात आली. माइक छताला होते. म्हणून बाकीची सगळी हसणी खालून, लांबून येत होती, विहिरीच्या तळाशी माणसं बोलत असावीत तशी. हे हसू मात्र खालून येत नव्हतं. ते माइकच्या उंचीवर होतं.

शेजारच्या इमारतीतून आलं असेल. यंत्रात जुन्या ध्वनीचं काहीतरी शिल्लक राहत असेल. पाइपांतून हवा जाते तेव्हा माणसासारखे आवाज येतातच. शिकलेल्या माणसाला कारणांची ददात नसते. भिंगरीने घरी जाईपर्यंत आणखी बरीच गोळा केली.

४

गुरुवारी कानसेनचा फोन आला. “कानात गळू झालंय. डॉक्टर म्हणतात हेडफोन बंद. हसायचं तर हस.”

“नाही हसत. बरे व्हा.”

“आजचं हसू तू बसव. जमेल तुला. फक्त तेवढं एक—”

“माहितीये. काढायचं नाही.”

पण त्या गादीच्या खोलीत एकटी बसल्यावर तिला वाटलं, का नाही? इतक्या वर्षांची चूक कुणीतरी निस्तरायला नको? आपण इथे कशासाठी आलो? जुनं चालत आलंय म्हणून चालू द्यायचं, तर तिकडे राहून नुसते प्रबंधच लिहिले असते. प्रेक्षकाच्या आधी कुणीही हसणार नाही. तिच्या मोठ्या बदलाची ही लहानशी सुरुवात होईल. मास्तरांना कळणारसुद्धा नाही. कळेल तेव्हा भाग किती चांगला झालाय तेच कळेल.

यंत्राच्या पडद्यावर, आवाजाच्या रेघेत, ते हसू एखाद्या बारीक गाठीसारखं दिसत होतं. तिने ती गाठ उचलली आणि टाकून दिली. रिकाम्या जागी हॉलमधली शांतता बसवली.

पुन्हा लावून बघितलं. माणूस मुठीकडे बघतो. काही नाही. फक्त तो आणि मूठ. अहाहा! दृश्य कधी नव्हतं इतकं भीतीदायक झालं होतं.

तिने समाधानाने हेडफोन काढला. खोलीत कसलाच आवाज नव्हता, नसायचाच. तरी तिला असं वाटून गेलं, की कुणीतरी नुकताच श्वास आत ओढला आणि धरून ठेवला.

तो तिचाच असणार. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

५

बाबा कवळ्या करायचे. दात पडलेल्यांच्या जबड्यांचे साचे दवाखान्यांतून त्यांच्याकडे यायचे आणि घराच्या मागच्या खोलीत बसून ते त्यांवर दात बसवायचे. त्या खोलीत जमिनीपासून छतापर्यंत फळ्या होत्या आणि फळ्यांवर पांढरे प्लॅस्टरचे जबडे. “माझ्याइतकी तोंडं कुणाच्या घरात नाहीत,” बाबा म्हणायचे, “आणि एक उलटून बोलेल तर शपथ. बोलणारी एकच होती.” मग पुढचा जबडा हातात घ्यायचे, कारण ती बोलणारी आता नव्हती.

शुक्रवारी संध्याकाळी दोघं सोफ्यावर बसली. भाग सुरू झाला. मुठीचं दृश्य आलं तेव्हा भिंगरी पडद्याकडे न बघता बाबांकडे बघत होती. त्या शांततेत बाबा किंचित पुढे झुकले. मग त्यांनी मान वळवून मागे बघितलं. स्वयंपाकघराच्या दाराकडे.

“काय झालं?”

“काही नाही.”

भाग संपला. बाबांनी टीव्ही बंद केला. “कसा वाटला?” तिने विचारलं.

“चांगला होता गं. पण अळणी लागला.”

“म्हणजे?”

“ती आधी हसणारी बाई नव्हती आज.”

भिंगरीने कप खाली ठेवला. “तुम्हाला ती ऐकू यायची?”

“सगळ्यांनाच येत असेल. ती हसली की मी जरा सैल बसतो. कळतं ना, आता होणार काहीतरी. आणि ते त्या घरात होणार.”

“बाबा, त्यात सैल बसण्यासारखं काय आहे?”

“बरं वाटतं बुवा.” त्यांनी रिकामे कप उचलले. “ती तिकडे आहे, एवढं कळतं. भिंगरे, तू म्हणतेस तसा विचारबिचार करायला आम्ही ते बघत नाही. आठवडाभर आपल्याकडे काही झालं नाही, आणि तिकडे झालं. की झोप येते.”

तिने तीनशे पानं लिहिली होती. त्यात हे कुठेच नव्हतं.

६

शनिवारी भर दुपारी ती पुढच्या खोलीत टेबलाशी बसून मास्तरांसाठी प्रस्ताव लिहीत होती. उन्हाने खोली लख्ख होती. मागच्या खोलीत बाबांचं घासण्याचं यंत्र घरघरत होतं; कवळीच्या कडा ते त्यावर गुळगुळीत करायचे. रस्त्यावरून कुणीतरी हातगाडी ओढत गेलं. सगळं कसं रोजच्यासारखं.

‘प्रेक्षकाला जाणवलं पाहिजे,’ ती लिहीत होती, ‘की हे घर त्याचंच आहे.’

तिच्या मागे कुणीतरी श्वास आत ओढला.

टीव्ही चालू राहिला वाटतं, म्हणून तिने समोर बघितलं. टीव्ही बंद होता. काळ्या काचेत उजेडाची खिडकी दिसत होती, टेबल दिसत होतं, ती स्वतः दिसत होती, आणि तिच्या पाठीमागचा सोफा. सोफ्याच्या कडेला गुडघे जुळवून कुणीतरी बसलं होतं. एक हात तोंडावर. खांदे हलत होते. तोंड भिंगरीकडे नव्हतं. ते मागच्या खोलीच्या दाराकडे होतं, आवडीचं दृश्य येणार म्हणून माणूस पडद्याकडे बघतो तसं.

मग बोटांतून हसू सांडलं.

भिंगरीने मागे वळून बघितलं नाही. पुढे कितीतरी वेळा तिने स्वतःला विचारलं, का नाही बघितलं? कारण ते हसू कशाच्या आधी येतं हे तिला ठाऊक होतं. ती सरळ मागच्या खोलीकडे धावली.

बाबा स्टुलावर चढले होते. सगळ्यात वरच्या फळीवरचा कुठलासा जुना जबडा काढायला टाचा उंचावून उभे होते. स्टुलाचा एक पाय जमिनीवर नव्हता. तो एका पडलेल्या कवळीवर होता, वरच्या दातांच्या, आणि ती कवळी हळूहळू सरकत होती. खाली यंत्राचं चाक फिरत होतं. बाबांच्या खांद्यावरच्या पंच्याचं टोक त्या चाकाच्या बरोब्बर वर लोंबत होतं. आणि वरच्या फळीच्या कडेला, बाबांच्या डोक्यावर, प्लॅस्टरची न उघडलेली अख्खी पिशवी.

हे सगळं तिने एका नजरेत बघितलं, आणि तिला ते ओळखू आलं, हे सर्वांत वाईट. दात. पंचा. चाक. पिशवी. कुणीतरी एकेक वस्तू जागच्या जागी ठेवली होती. मास्तरांनी तिला शिकवली होती तशीच ही मांडणी होती. विनोद याच पद्धतीने मांडतात.

तिने बाबांचे गुडघे कवळले आणि दोघं मागे कोसळली. स्टूल उडालं. पिशवी खाली फुटली, पांढरा धुरळा उठला. फळी सुटली आणि जबड्यांचा पाऊस पडला.

“अगं अगं अगं!” धुरळ्यातून बाबांचा आवाज आला. “लहानपणी मिठी मार म्हटलं तर पळायचीस!”

ते हसत होते. पांढरे झाले होते नखशिखान्त, पण हसत होते. खरचटण्यापलीकडे काही नव्हतं.

बाहेरचं हसू थांबलं होतं. मधेच, तुटल्यासारखं. सुस्कारा आला नाही. त्याऐवजी एक बारीकसा आवाज आला, जिभेचा. ऐन रंगात वीज गेल्यावर बघणारे करतात तो.

च्यक्.

भिंगरी बाहेर आली तेव्हा खोलीत ऊन होतं आणि कुणी नव्हतं. सोफ्याच्या कडेची गादी खोल दबलेली होती. ती हळूहळू वर येत होती.

७

तिने बाबांना सोफ्यावर बसू दिलं नाही. स्वयंपाकघरात दोन खुर्च्या ओढल्या, त्यांच्या कोपराला औषध लावलं. बाबा तिच्या हाताकडे बघत होते.

“तूही ऐकलंस ना?” ते म्हणाले.

तिने मान हलवली.

“तुला आईचं मी एवढंच सांगितलं होतं, पाय घसरला. बाकीचं सांगण्यासारखं नव्हतं गं. लोक हसले असते. फरशी पुसून झाली होती. मी या दारात उभा. ती मला बजावत होती, ओलं आहे, जपून या, पडाल, या वयात हाड जुळत नाही. माहीत आहे ना तुला तिचं भाषण. आणि मला वाट द्यायला बोलता बोलता मागे मागे सरकत होती. मागे बादली.”

भिंगरीला हसू येत होतं. आई तिला दिसली, बोट उगारलेली. तिने ओठ चावला.

“तिचा पाय अजून फरशीवर होता,” बाबा म्हणाले, “आणि बाहेरच्या खोलीत कुणीतरी हसलं. मला वाटलं टीव्ही चालू राहिला.”

“होता का?”

“कशाला असेल? तेव्हा लागत काय होतं? तुमच्याकडे संप चालू होता ना. महिना होत आला होता, शुक्रवारी ‘हसू नका’च्या जागी नुसती गाणी लावायचे.”

नळातून एक थेंब पडला. उद्या दुपारी काल लागलेलाच भाग पुन्हा लागणार होता. दर रविवारी लागतो. तिने केला तसा, शांत, स्वच्छ, हसू काढून टाकलेला.

“हे आहे का तुझ्या प्रबंधात?” बाबांनी विचारलं. टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

“नाही, बाबा.”

त्या रात्री त्यांनी टीव्हीवर चादर टाकली आणि दोघं स्वयंपाकघरात खालीच गाद्या घालून झोपली. खाली झोपलेला माणूस पडत नाही, असं बाबा म्हणाले.

८

सकाळी ती खिडकीशी उभी राहिली. हातात प्रस्तावाची पानं होती. शेवटचं वाक्य तिने दोनदा वाचलं, पानांची घडी केली आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवली. टेबल दाबून बघितलं. आता हलत नव्हतं. मग मास्तरांना फोन लावला.

“सर, दुपारच्या आत मला हसू परत बसवायचंय. ते एक. मी काढलं होतं.”

ते ओरडतील, का काढलंस विचारतील, म्हणून ती वाट बघत होती.

“वडील बरे आहेत ना?” मास्तरांनी विचारलं.

तिने त्यांना काहीच सांगितलं नव्हतं.

“बरे आहेत.”

“शाबास. त्यांनाही घेऊन ये. एकटं ठेवू नकोस.” मग घसा खाकरून, रोजच्या आवाजात, “पुढच्या शुक्रवारची गोष्ट अजून झालेली नाही. माझ्या डोक्यात काही येत नाहीये. आणि शुक्रवार रिकामा जाऊन चालत नाही.”

“मी लिहिते.”

“आणि तुझं ते? मागचं हसू नको, लोक विचार करतील, वगैरे?”

“राहू दे, सर.”

बाबा जमिनीवर बसून बूट घालत होते. नाडी नीट बांधली की नाही ते त्यांनी ओढून बघितलं, मग दुसऱ्यांदा ओढून बघितलं. समोरच्या इमारतीच्या गॅलरीत, उन्हात, कुणीतरी शिट्टी वाजवत बाहेर आलं. कपड्यांची दोरी बांधायची असावी. त्याने एक खुर्ची ओढून कठड्याला लावली, तिच्यावर चढला, आणि खिडकीतली भिंगरी दिसली तसा ओळख नसताना हात वर केला.

“कुणाचं घर घेणार?” मास्तर विचारत होते.

“दुसऱ्याचं,” भिंगरी म्हणाली, आणि त्याचा चेहरा नीट दिसायच्या आत तिने पडदा ओढून घेतला.